मानशीचा लिलाव आणि मुकादमाचा रुपया

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय मी संयोजकांना कळविला तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. सागरी मत्स्यशेतीवरील संशोधन आणि बांधकाम व्यवसायातील करारसंबंधांवरील संशोधन, या दोन गोष्टी एका व्याख्यानात कशा बसणार, असा त्यांचा प्रश्न होता. एक विषय खाऱ्या पाण्याचा, दुसरा सिमेंट-वाळूचा. प्रश्न रास्त होता. तरीही मी हट्ट धरला, कारण या दोन्ही विषयांच्या तळाशी एकच प्रश्न आहे असे माझे मत आहे. करार दोघांमध्ये होतो, पण त्याची झळ तिसऱ्याला लागते. त्या तिसऱ्याचे काय?

योगायोग असा की अर्थशास्त्राच्या जगाने हे दोन विषय एकदा एकाच व्यासपीठावर बसविले आहेत. २००९ सालचा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि ऑलिव्हर विल्यमसन यांना विभागून देण्यात आला. ऑस्ट्रॉमबाईंचा अभ्यास सामाईक संपत्तीचा : कुरणे, पाटाचे पाणी, जंगले, मासेमारीची क्षेत्रे. गावकऱ्यांनी स्वतः घालून घेतलेल्या नियमांनी अशी संपत्ती शतकानुशतके टिकू शकते, तिच्या रक्षणासाठी खाजगी मालकी किंवा सरकारी अंमल हे दोनच मार्ग आहेत असे नाही, हे त्यांनी जगभरच्या उदाहरणांनी दाखविले. विल्यमसन यांचा अभ्यास कराराचा : एखादे काम कारखानदार स्वतः करतो केव्हा आणि बाहेरच्यास देतो केव्हा. हा प्रश्न रोनाल्ड कोस यांनी १९३७ सालीच विचारला होता. विल्यमसन यांनी त्याचे सविस्तर शास्त्र केले. पण या शास्त्रात मुख्य चिंता असते ती व्यवहाराचा खर्च कमी कसा होईल याची. करार करणाऱ्या दोघांत बळ कोणाकडे, या प्रश्नाला तेथे दुय्यम स्थान आहे. मी सुमारे तीस वर्षे हे शास्त्र वर्गात शिकविले. त्यातील ही उणीव मला पुस्तकात दिसली नाही. ती कोठे दिसली, हे मी पुढे सांगणार आहे.

प्रथम समुद्राकडे वळू. आपल्या शेजारच्या गोव्यात खाजण जमिनी आहेत. भरतीचे पाणी अडविण्यासाठी मातीचे, चिखलाचे बांध घातलेले असतात आणि त्या बांधात एक दार असते. त्याला तेथे मानस म्हणतात. भरतीच्या रेट्याने दार मिटते, ओहोटीला उघडते. आत भाताचे पीक येते आणि दाराशी जाळे लावून मासळी, कोळंबी मिळते. ही शेती आणि मत्स्यशेती यांची जोडी फार जुनी. पूर्वी गावकरी संस्था बांध राखीत आणि मानशीवर मासळी धरण्याच्या हक्काचा लिलाव करीत. म्हणजे लिलाव काही नवा नाही. बदल झाला तो वेगळाच. कूळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली, आणि कोळंबीला निर्यातीमुळे सोन्याचा भाव आला. लिलावात बोली लावणारा आणि खाजणात भात लावणारा हे दोन वेगळे माणूस झाले. ठेका वर्षाचा. ठेकेदाराचा फायदा अधिक कोळंबीत, आणि अधिक कोळंबीसाठी दार अवेळी उघडे राहिलेले त्याला बरे. खारे पाणी आत शिरते, बांधाचा पाया खचतो, भात जळते. पुढच्या वर्षी ठेकेदार दुसरा येतो. फुटलेला बांध मात्र त्याच गावाचा असतो. जॅनेट रुबिनॉफ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी २००१ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये गोव्याच्या या स्थित्यंतराबद्दल लिहिले, तेव्हा लेखाच्या नावातच त्यांनी कोळंबीला गुलाबी सोने म्हटले होते.

यातील अर्थशास्त्र साधे आहे. लाभ एका वर्षाच्या ठेक्यात मोजला जातो आणि हानी पिढ्यांच्या हिशेबात जाते. लाभ ज्याच्या नावे, त्याच्या नावे हानी नाही. असा करार कायद्याने निर्दोष असू शकतो. सही, शिक्का, साक्षीदार सारे जागच्या जागी असतात. तरी तो अन्यायाचा असतो, कारण ज्याचे शेत जळणार त्याची त्यावर सही नसते.

आता याच प्रश्नाचे मोठे रूप पाहू. कोळंबीच्या शास्त्राची सुरुवात जपानमध्ये १९३४ साली झाली. मोतोसाकू फुजिनागा या शास्त्रज्ञाने कुरुमा जातीच्या कोळंबीची पैदास प्रथम बंदिस्त पाण्यात करून दाखविली. पुढे तैवानने टायगर कोळंबीचे मोठे उत्पादन उभे केले आणि १९८८च्या सुमारास रोगराईने ते कोसळले. आपल्याकडे १९९०नंतर आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कंपन्या उतरल्या, तळी खणली गेली, आणि १९९४-९५ साली पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तीही झोपविली. नंतर २००९ साली सरकारने वनामी या परदेशी जातीला परवानगी दिली. रोगमुक्त मातृकोळंबी परदेशातून विमानाने येते, चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात तपासली जाते, मग बीजकेंद्रांकडे जाते. हे सर्व संशोधनाचे यश आहे आणि ते मी नाकारीत नाही. चेन्नईची खाऱ्या पाण्यातील मत्स्यशेतीची केंद्रीय संस्था १९८७पासून काम करीत आहे आणि वनामीला पर्याय म्हणून देशी पांढऱ्या कोळंबीवर तिचे प्रयोग चालू आहेत. मातृकोळंबीसाठी परावलंबी राहू नये, हा विचार आपल्याला जवळचा वाटावा असाच आहे.

पण तळ्याकाठच्या माणसाची स्थिती पाहा. उत्पादनखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग खाद्यावर जातो. हे खाद्य लहान शेतकरी उधारीवर आणतो. उधारी देणारा दुकानदार कित्येकदा माल कोणाला विकायचा हेही ठरवितो. तळ्याची जमीन पुष्कळदा भाडेपट्ट्याची असते. रोग आला तर पीक त्याचे बुडते, उधारी बुडत नाही. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा निर्यातदारांनी पहिली गोष्ट केली ती ही की तळ्यावरचा खरेदीभाव उतरविला. वॉशिंग्टनमध्ये घेतलेल्या निर्णयाची किंमत काही दिवसांत भीमावरमच्या शेतकऱ्याच्या हिशेबवहीत उतरली. जोखीम ही पाण्यासारखी असते. बांध नसेल तर ती उताराकडे जाते, आणि उताराच्या टोकाला नेहमी तोच एक माणूस उभा असतो.

या तळ्यांच्या शेजारी आणखी एक माणूस आहे, ज्याच्याजवळ तळेही नाही. तामिळनाडूतील नागपट्टिणमच्या परिसरात १९६८ साली कीळवेण्मणी येथे ४४ दलित शेतमजूर स्त्रीपुरुष आणि मुले जिवंत जाळली गेली. त्या घटनेनंतर विनोबांच्या भूदानातील एक ज्येष्ठ कार्यकर्ते एस. जगन्नाथन आणि त्यांच्या पत्नी कृष्णम्माळ या भागात भूमिहीनांना जमीन मिळवून देण्याच्या कामाला लागल्या. दोन दशकांनंतर त्यांच्या डोळ्यांदेखत भातखाचरे कोळंबीची तळी होऊ लागली. भाताला वर्षभर हात लागतात, तळ्याला पहारेकरी पुरतो. पिण्याच्या विहिरी खाऱ्या झाल्या, किनाऱ्याकडे जाण्याच्या कोळ्यांच्या वाटा अडल्या. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने आपल्या नागपूरच्या 'नीरी' या संस्थेकडून पाहणी करवून घेतली. पाहणीचा निष्कर्ष असा की, आंध्र आणि तामिळनाडूत या उद्योगाने केलेली हानी त्याच्या उत्पन्नाहून अधिक आहे. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला : किनारा नियमन क्षेत्रात पारंपरिक आणि सुधारित पारंपरिक पद्धती वगळता अशी तळी राहता कामा नयेत, आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी.

मित्रहो, आपल्या चळवळीत निकाल लागला की आपण गुलाल उधळतो आणि घरी जातो. या निकालाचे पुढे काय झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. फेरविचाराच्या याचिका झाल्या, अंमलबजावणी थांबली. २००५ साली संसदेने तटीय मत्स्यशेती प्राधिकरणाचा कायदा केला आणि निकालाने जे निषिद्ध केले होते ते नोंदणीच्या अटीवर वैध झाले. २०२३च्या दुरुस्तीने तर ते अधिक स्पष्ट शब्दांत वैध केले आणि नियमभंगाची कैदेची शिक्षा काढून तेथे दंड आणला. संशोधन आमच्या बाजूचे होते, न्यायालय आमच्या बाजूचे होते. कमी पडली ती किनाऱ्यावरची संघटित शक्ती. शास्त्रीय अहवाल हे हत्यार आहे, पण ते उचलणारा हात लागतो.

मग मत्स्यशेती नकोच का? तसे मी म्हणत नाही. नॉर्वेचे उदाहरण पाहा. तेथे १९७०च्या सुमारास सॅल्मन माशाची पिंजऱ्यातील शेती रुजली. १९७३ साली परवान्याचा कायदा झाला, आणि त्यामागचा उद्देश असा की किनाऱ्यावरच्या स्थानिक माणसाने हा धंदा करावा, मोठ्या भांडवलाने तो गिळू नये. १९७८ साली शेतकऱ्यांची विक्रीसंस्था निघाली. १९९१ साली ती संस्था दिवाळखोर झाली आणि त्याच वर्षी मालकीवरील बंधने सैल करण्यात आली. त्यानंतर परवाने थोड्या कंपन्यांच्या हाती गोळा होत गेले. परंतु लोकशाही समाजवादी विचाराची मुळे तेथे खोल असल्यामुळे प्रश्न तेथेच संपला नाही. समुद्र सर्वांचा, मग त्याच्या वापरातून मिळणारा जादा नफा फक्त परवानाधारकाचा कसा, असा वाद झाला. सरकारने आधी ४० टक्क्यांचा प्रस्ताव मांडला, कंपन्यांनी मोठा गदारोळ केला, आणि अखेरीस २०२३पासून २५ टक्के खंडकर लागू झाला. रिकार्डोने जमिनीच्या खंडाबद्दल मांडलेला विचार दोनशे वर्षांनी समुद्रावर लागू झाला. आपल्याकडे २००७ साली विशाखापट्टणमला समुद्रातील पिंजऱ्याचा पहिला प्रयोग झाला, आणि आता किनारी राज्यांत असे पिंजरे वाढत आहेत. राज्याच्या सागरी हद्दीतील मत्स्यव्यवसाय हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय आहे. तेव्हा पिंजऱ्यांसाठी समुद्राचा भाडेपट्टा कोणाला, किती मुदतीचा आणि कोणत्या खंडाने द्यायचा, हा प्रश्न मुंबईच्या विधानभवनातच येणार आहे. तो येण्यापूर्वी आपली तयारी हवी.

आता बांधकामाकडे. या व्यवसायातील करारांवर पाश्चात्त्य देशांत विपुल संशोधन झाले आहे. विस्कॉन्सिनमधील स्ट्युअर्ट मॅकॉले यांनी १९६३ साली दाखविले की व्यापारी माणसे करारातील कलमांवर फारशी चालत नाहीत, ती ओळखीवर आणि पुढच्या कामाच्या आशेवर चालतात. ब्रिटनमध्ये १९९४ साली लॅथम यांचा अहवाल आला. मालक, मुख्य कंत्राटदार आणि पोटठेकेदार यांनी परस्परविश्वासाने काम करावे, असा त्याचा आशय. 'मला पैसे मिळतील तेव्हा तुला देईन' या कलमाला १९९६च्या कायद्याने तेथे बंदी झाली. एवढे होऊनही जानेवारी २०१८मध्ये कॅरिलियन ही त्या देशातील प्रचंड बांधकाम कंपनी बुडाली, तेव्हा सुमारे तीस हजार लहानमोठ्या पुरवठादारांचे आणि पोटठेकेदारांचे पैसे अडकले होते. विश्वासाची भाषा वरच्या मजल्यावर बोलली जात होती, थकबाकी तळमजल्यावर साचत होती.

आपल्याकडे या साखळीला आणखी दोन कड्या आहेत. मालक, कंत्राटदार, पोटठेकेदार, त्याखाली मुकादम, आणि मुकादमाखाली उचल घेऊन आलेला बिगारी. या शेवटच्या कडीचे चित्र आपल्या न्यायव्यवस्थेत एकदा स्वच्छ उमटले. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांची बांधकामे चालू होती. १८ सप्टेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यासंबंधी निकाल दिला. किमान वेतन रोज ९ रुपये २५ पैसे होते. कंत्राटदार ते जमादाराच्या हाती देत, जमादार माणशी एक रुपया दलाली कापून घेई आणि मजुराच्या हातावर ८ रुपये २५ पैसे ठेवी. न्यायमूर्ती भगवतींनी म्हटले की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम ही घटनेच्या २३व्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारीच होय. मजूर आपखुशीने आला होता, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. भूक हीसुद्धा सक्तीच आहे, हा त्या निकालाचा गाभा. माझ्या मते करारशास्त्रावर भारतात लिहिले गेलेले हे सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे, आणि ते एकाही अर्थशास्त्रज्ञाने लिहिलेले नाही.

कायदे पुष्कळ झाले. १९७०चा कंत्राटी कामगार कायदा, १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा, १९९६चा बांधकाम कामगारांचा कायदा. शेवटच्या कायद्याबरोबर बांधकामखर्चावर एक टक्का उपकर बसला आणि राज्याराज्यांत कल्याण मंडळे निघाली. मार्च २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब मांडला : ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक जमा, खर्च सुमारे ९,५०० कोटी. पैसा होता, मजूरही होता, दोघांची भेट होत नव्हती. कारण नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, दर आठवड्याला मालक बदलणाऱ्या बिगाऱ्याने तो कोणाकडे मागावा? आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. आधी वीस कंत्राटी कामगार असले की कंत्राटी कामगार कायदा लागू होई. आता ती मर्यादा पन्नासवर गेली आहे. म्हणजे लहान ठेकेदारांच्या हाताखालचे बहुसंख्य कामगार कायद्याच्या उंबरठ्याबाहेर गेले.

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट सांगतो. २०१४ साली आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीची दुरुस्ती निघाली. मी समितीवर होतो. अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून करारनामा वाचण्याचे काम माझ्याकडे आले. 'कामगारांविषयीची सर्व जबाबदारी ठेकेदाराची राहील, संस्थेचा त्याच्याशी संबंध राहणार नाही', असे एक कलम त्यात होते. मी ते वाचले, योग्य म्हणून शेरा दिला आणि सही केली. महिन्याभरात तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून गिलाव्याचा एक मजूर पडला. कमरेखाली अधू झाला. ठेकेदार म्हणाला, माणूस पोटठेकेदाराचा. पोटठेकेदार म्हणाला, मुकादमाचा. मुकादमाचा फोन बंद. आम्ही वकिलांना विचारले. ते म्हणाले, मूळ मालकाकडून भरपाई वसूल करण्याची तरतूद १९२३च्या कायद्यात आहे, पण ती त्याच्या धंद्याच्या किंवा व्यापाराच्या कामाला लागू. तुमची संस्था धंदा करीत नाही, तुम्ही सुरक्षित आहात. समितीतील सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला, हे येथे सांगितले पाहिजे. मग आम्ही वर्गणी काढली आणि ती त्याच्या पत्नीच्या हाती दिली. तिने नमस्कार केला. त्या नमस्काराने मला जे शिकविले ते तीस वर्षांच्या अध्यापनाने शिकविले नव्हते. जेथे हक्क द्यायला हवा होता तेथे आम्ही दान दिले, आणि वर कृतज्ञताही स्वीकारली.

गोव्याच्या मानशीवरचा ठेकेदार आणि आमची गृहनिर्माण समिती यांत काय फरक आहे? काहीच नाही. दोघांनीही लाभ आपल्याकडे ठेवून हानी कराराबाहेरच्या माणसाकडे ढकलली. शोषण करायला दरवेळी दुष्ट भांडवलदारच लागतो असे नाही. सुशिक्षित, सभ्य, वेळेवर वर्गणी देणारी माणसे एका कलमाखाली सही करून ते करू शकतात. आपल्यापैकी अनेकजण अशा समित्यांवर आहेत, सहकारी संस्थांवर आहेत, नगरपालिकांत आहेत. म्हणून हे तुम्हाला सांगतो आहे.

तेव्हा करायचे काय? मी चार गोष्टी सुचवितो. पहिली, ज्या ज्या संस्थेत आपला माणूस आहे तेथील बांधकामाच्या करारात तीन कलमे आग्रहाने घालावीत : कामगारांची नावनिशीवार यादी, मंडळाकडील नोंदणी आणि विमा, व मजुरी थेट कामगाराच्या खात्यावर. आमच्या संस्थेच्या पुढच्या कामात मी ती घालून घेतली. निविदेचा दर थोडा वाढला, सभेत दोन तास भांडण झाले, पण कलमे राहिली. दुसरी, प्रत्येक तालुक्यात नाक्यावर सकाळी सात वाजता आपले टेबल असावे आणि नव्वद दिवसांच्या दाखल्याचे काम तेथे बसून करावे. हे काम मोर्च्याइतके दिमाखदार नाही, परंतु संघटना यातूनच उभी राहते. तिसरी, समुद्राचे भाडेपट्टे देताना पहिला हक्क मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना, आणि कंपनीला दिलाच तर त्यावर खंड व तो खंड गावाकडे, ही मागणी आजच पक्षाच्या ठरावात यावी. खारभूमीतील कोणत्याही ठेक्यात बांधाच्या दुरुस्तीची अनामत ठेकेदाराकडून घेतलीच पाहिजे, हेही त्यात जोडावे. चौथी गोष्ट संशोधनाची. विद्यापीठांतील तरुण अभ्यासकांना मी सांगू इच्छितो की कोळंबीला कोणता रोग होतो याचा शोध घेणारे आहेत, आणखीही होतील. कोळंबी बुडाल्यावर कर्जाचे ओझे कोणाच्या पाठीवर राहते, याचाही शोध तितक्याच काटेकोरपणे घ्या. करार कसा स्वस्त पडतो हे सांगणारे बरेच आहेत. तो कोणाला महाग पडतो, हेही मोजा.

आपल्यातील काहींना वाटेल की हे सारे किरकोळ सुधारणांचे बोलणे झाले, उत्पादनसाधनांच्या मालकीचा मूळ प्रश्न राहिलाच. तो प्रश्न मी विसरलेलो नाही. परंतु ज्या मजुराला आपल्या ठेकेदाराचे नाव ठाऊक नाही, त्याला मालकीच्या प्रश्नाकडे आपण कोणत्या वाटेने नेणार आहोत? आधी त्याची हजेरी त्याच्या हाती येऊ द्या. १९८२ साली जमादाराने कापलेला एक रुपया आज कितीचा झाला असेल याचा हिशेब मी केलेला नाही. तो रुपया अजूनही कापला जातो आहे, आणि तो परत मिळविण्याचे काम आपले आहे, एवढेच सांगून मी थांबतो.